सात मिनिटं पुढे

आबांना कुणी वेळ विचारली तर ते "साडेआठ" असं कधी सांगत नसत. "आठ एकोणतीस" असं सांगत, आणि विचारणारा चार पावलं गेल्यावर तीस झाले तर त्याला मागून हाक मारून दुरुस्तीही कळवत. अडतीस वर्षं त्यांनी एका सूतगिरणीच्या फाटकावर टाइमकीपर म्हणून काढली होती. भोंगा वाजल्यावर जो आत येईल त्याची अर्धी पाळी गैरहजर. कुणाची बस चुकलेली असे, कुणाची बायको अडलेली असे, कुणी शपथेवर सांगे की भोंगा आत्ताच, या क्षणी झाला. आबा त्यावर एकच वाक्य म्हणत, "वाटण्यावर जग चालत नाही." कामगार त्यांना पाठीमागे 'काटा' म्हणायचे. आबांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

निवृत्त झाल्यावर फाटक सुटलं, सवय कशी सुटणार? घराचंच फाटक झालं. घरात माणसं चार. मुलगा बस चालवायचा, उजाडायच्या आत जायचा आणि संध्याकाळी यायचा. सून कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना कॉलर लावायची. आणि नात. नातीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं होतं, घरात तिला टकळी म्हणत, कारण डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत तिचं तोंड बंद म्हणून नसे. दात घासतानाही बोलायची, मग फेस आरशावर उडायचा आणि त्या फेसात कुठला प्राणी दिसतो यावर आणखी दहा मिनिटं जायची. साहजिकच शाळेला रोज उशीर. आबा दारात उभे राहून मनगट डोळ्यांसमोर धरायचे आणि एकेक मिनिट मोठ्याने जाहीर करायचे. या जाचाला कंटाळून एके दिवशी सुनेने स्टुलावर चढून स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे केलं.

आबांच्या ते लक्षात आलं नसतं तरच नवल. त्याच रविवारी त्यांनी घड्याळ उतरवून बरोबर लावलं आणि स्वतःलाच फसवणाऱ्या माणसांबद्दल अर्धा तास प्रवचन दिलं. सोमवारी सून परत स्टुलावर चढली. या खेपेस नवरा आणि मुलगी दोघांनाही तिने गप्प राहायची शपथ घातली. टकळीने एवढी एकच गोष्ट आयुष्यात पोटात ठेवली असेल. त्या दिवसापासून सगळे वेळेवर निघू लागले आणि आबांना वाटलं, प्रवचन लागू पडलं. भिंतीवरचं घड्याळ त्यांनी पुन्हा तपासलंच नाही. मनगटावरचं असताना त्याची त्यांना गरज नव्हती.

टकळी सात वर्षांची असताना तिला पहिली फिट आली, ती शाळेत, चित्रकलेच्या तासाला. हातातला ब्रश पडला, मान एका बाजूला वळली, आणि ती बाकावरून खाली गेली. हातपाय झटके देत होते, डोळे पांढरे झाले होते. शाळेत कुणालाच काही माहीत नव्हतं, आणि माहीत नसलं की माणूस काहीतरी करून मोकळा होतो. कुणी तोंडावर पाणी मारलं. दोघींनी हात दाबून धरले. एका बाईंनी दातखीळ उघडावी म्हणून चमचा घातला आणि नुकताच आलेला पुढचा दात अर्धा तुटला. त्या बाई नंतर घरी येऊन रडून गेल्या. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, हे घरातल्या सगळ्यांना कळत होतं. पण दात तुटला तो तुटलाच.

शाळेत परतल्यावर टकळीच्या बाकावर कुणी बसेना. एका मुलीच्या आईने तर विचारलं, हे उष्ट्यातून पसरतं का? सुनेने त्या बाईला उत्तर दिलं आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसलं. आबांनी मात्र दुसऱ्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घातला आणि ते सरळ मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. म्हणाले, मला प्रत्येक वर्गात वीस मिनिटं द्या. एकविसावं घेणार नाही.

आणि मग हा सत्तरीतला माणूस, ज्याने जन्मात कुणासमोर शर्टाची घडी मोडू दिली नव्हती, तो वर्गाच्या फरशीवर आडवा पडला. "मी पडलोय. मला फिट आली आहे. आता काय कराल?" पोरं म्हणाली, उचलू. आबा जमिनीवरूनच म्हणाले, चूक. पाणी मारू. चूक. डॉक्टरांना बोलावू. बरोबर, पण पहिलं काम ते नाही. पहिलं काम, घड्याळ बघा. किती वाजता सुरू झालं ते लक्षात ठेवा. मग आजूबाजूचं बाक, दप्तर बाजूला करा. डोक्याखाली हात नाहीतर मऊ काहीतरी. एका कुशीवर वळवा. तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही. दाबून धरायचं नाही. थांबेपर्यंत जवळ बसा, आणि पाच मिनिटांच्या वर गेलं तर मोठ्या माणसाला पळत बोलवा. मग पोरांनी पाळीपाळीने आबांना कुशीवर वळवलं. एका दांडग्या पोरीने इतक्या जोरात वळवलं की चष्म्याची काडी वाकली, आणि सगळा वर्ग खदाखदा हसला, टकळीही हसली. पुढच्या आठवड्यात तिच्या बाकावर दोन मुली बसायला आल्या.

आबांना नवी नोकरी मिळाली म्हणा ना. मुलाच्या बस डेपोत, सुनेच्या कारखान्यात, वाचनालयात, जिथे चार माणसं जमतील तिथे ते आडवे पडायला तयार. टकळीवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना दवाखान्यातल्या पालकांच्या बैठकीत बोलावलं. तिथे त्यांनी आपली वही दाखवली. वहीत फुटपट्टीने आखलेले रकाने होते. तारीख, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, एकूण मिनिटं, शेरा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की इतकी नीट नोंद त्यांनी आजवर पाहिली नाही. त्यांनी एका पानाची प्रत काढून इतर पालकांना नमुना म्हणून वाटली. आबा त्या दिवशी घरी येताना चालत आले, दोन थांबे. आनंद झाला की ते बसमध्ये बसत नसत.

आता ती वही कशी भरली जायची, ते सांगायला हवं.

टकळीला फिट यायची ती बहुतेक सकाळीच, उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात, स्वयंपाकघरात दूध पिताना. आबा समोरच बसलेले असायचे. तिची मान वळली रे वळली की त्यांची नजर मनगटावर जायची आणि वेळ मनात कोरली जायची. मग ते तिला खाली घेत, कुशीवर वळवत आणि डावा हात तिच्या डोक्याखाली देत. घड्याळ त्याच हाताला होतं. म्हणजे आता घड्याळ नातीच्या डोक्याखाली, तबकडी फरशीकडे. उजव्या हाताने स्टूल सरकवायचं, गळ्याचं बटण काढायचं, तोंडातली लाळ पुसायची. एवढं करून आबा मान वर करून बघत, ते समोरच्या भिंतीवर. आणि भिंतीवर सात-आठ मिनिटं होऊन गेलेली असायची.

सुरुवात एका घड्याळावर, शेवट दुसऱ्यावर. आबांना माहीत नव्हतं की भिंतीवरचं सात मिनिटं पुढे आहे. सुनेला माहीत होतं, पण आबा भिंतीकडे बघतात हे तिला माहीत नव्हतं. तिला वाटायचं, आबा आणि दुसऱ्या घड्याळावर विश्वास ठेवतील? शक्यच नाही. दोघांकडे अर्धी-अर्धी गोष्ट होती आणि दोघं एकाच खोलीत, एकाच पोरीवर ओणवी होऊन बसलेली असत.

पाच मिनिटांच्या वर गेलं तर नाकात मारायला डॉक्टरीणबाईंनी एक फवारा दिला होता. आबा वर बघत, आठ मिनिटं दिसत, आणि त्यांचा हात सरळ फवाऱ्याकडे जाई. त्या फवाऱ्याने मुलगी दुपारपर्यंत मेल्यासारखी झोपायची. पहिल्यांदा आबांनाही खटकलं होतं. आत्ता तर वळवलं हिला, आठ मिनिटं झाली? पण जीव टांगणीला लागला की वेळ कुठे जातो ते कळत नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. अडतीस वर्षं लोक त्यांना हेच सांगत आले होते ना, की साहेब, भोंगा आत्ता तर झाला.

सुनेने एकदा तोंड उघडलं. ती कारखान्यात मिनिटाला एक कॉलर लावायची, बारा वर्षं. मिनिट म्हणजे काय ते तिच्या हातांना डोळे झाकून कळायचं. फिट संपली, आबांनी वहीत 'नऊ मिनिटं' लिहिलं, तेव्हा ती हळूच म्हणाली,

"आबा, मला तर दोनच मिनिटं वाटली."

"सूनबाई," आबा वहीतून मान वर न करता म्हणाले, "वाटण्यावर जग चालत नाही."

तिने मुलीचे ओले कपडे बदलायला घेतले. त्यानंतर पुन्हा कधी ती त्याबद्दल बोलली नाही. शाळेत दोनदा फिट आली तेव्हा बाईंनी मोबाइलवर वेळ बघून कळवलं, दीड मिनिट, दोन मिनिटं. आबांनी ते वहीत लिहिलं आणि शेऱ्यात टाकलं, 'बाईंचा अंदाज.'

डॉक्टरीणबाईंना वहीवर विश्वास होता. एवढ्या लांबणाऱ्या फिट अंगावर काढणं धोक्याचं असतं, म्हणून त्यांनी औषध वाढवलं. मग आणखी वाढवलं. मग दुसरं औषध जोडलं. फिट थोड्या कमी झाल्या, पण वहीतली मिनिटं काही कमी होईनात.

आणि टकळी विझत गेली. एका दिवसात नाही, म्हणून तर कुणाच्या पटकन ध्यानात आलं नाही. आधी गोष्ट सांगता सांगता मध्येच थांबायला लागली. मग साधे शब्द सापडेनात. खिडकीकडे बोट दाखवून म्हणायची, "ते... ते उघड ना, ते." दुधाचा पेला ओठांपर्यंत नेऊन तशीच बसायची, कुणीतरी कोपराला धक्का दिला की प्यायची. शाळेत बाकावर डोकं टेकवून झोपायची. आबांना वाटायचं, हे आजाराचंच. सगळ्यांनाच वाटायचं. आबा तिला शाळेत सोडायला जायचे तेव्हा पूर्वी रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिची बडबड चाले. आता तिच्या चपलांचा आवाज तेवढा यायचा. घरात तिला टकळी म्हणणं आपोआप बंद झालं. 'बाळा' म्हणू लागले. वर्षाच्या शेवटी बाईंनी बोलावून अगदी मायेने सांगितलं की तिला तिसरीतच ठेवू या, चौथी तिला झेपणार नाही. बाकावरच्या त्या दोन मुली चौथीत गेल्या. नव्या वर्गातल्या पोरांनी तिला आठवड्याभरात नाव ठेवलं, ढ.

तिसरं औषध सुरू करायची वेळ आली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्याआधी मला एकदा फिटचा व्हिडिओ हवा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कुठल्या प्रकारची आहे ते डोळ्यांनी बघून ठरवते. सुनेने मोबाइल ओट्यावर हाताशी ठेवायला सुरुवात केली. नवव्या दिवशी सकाळी मुलीची मान वळली. आईने पोटच्या पोरीला तसं तडफडताना हात न लावता उभं राहून चित्रित करायचं, हे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. मोबाइल हलू नये म्हणून तिने दुसऱ्या हाताने मनगट धरलं. आबा खाली बसून नेहमीप्रमाणे सगळं करत होते. फवारा मारला. फिट थांबली. वहीत लिहिलं, नऊ मिनिटं.

त्याच आठवड्यात आबा आणि सून दोघं दवाखान्यात गेली. मुलगी शाळेत होती. डॉक्टरीणबाईंनी मोबाइल हातात घेऊन व्हिडिओ पाहिला. मग परत पाहिला. मग वही उघडून तारीख पाहिली.

"हीच ना ती फिट? मंगळवारची?"

"हीच," आबा म्हणाले. "सात बावीसला सुरू, सात एकतीसला थांबली."

"आबा, हा व्हिडिओ एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंदांचा आहे. आणि फवारा तुम्ही पन्नासाव्या सेकंदाला मारलाय."

आबा म्हणाले, मग व्हिडिओ मध्येच कुठेतरी तुटला असेल. मोबाइलचं काय खरं धरायचं? त्यांचा आवाज जरा चढला होता. सून म्हणाली, तुटलेला नाही, मी बोट हलवलं नाही. डॉक्टरीणबाई खुर्ची पुढे ओढून बसल्या.

"तुम्ही वेळ कशी बघता ते मला करून दाखवा."

आबांनी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरची पाणी भरलेली बाटली घेतली, फरशीवर गुडघे टेकले, मनगटावर नजर टाकली आणि बाटली कुशीवर निजवून डावा हात तिच्याखाली सरकवला. अशा किती वर्गांत त्यांनी हे करून दाखवलं होतं. मग ते थांबले. मनगटाकडे बघायला गेले, तर मनगट खाली होतं.

"आणि संपलं की?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"समोरचं बघतो. भिंतीवरचं."

आबांना अजून काही कळलं नव्हतं. ते बाटलीवर हात ठेवून उत्तराची वाट बघत होते. खुर्चीत बसलेल्या सुनेला मात्र कळलं होतं. तिने तोंडावर पदराऐवजी हातातली फाइलच दाबून धरली, आणि फाइलमागून बोलली.

"आबा, ते सात मिनिटं पुढे आहे."

"काय?"

"भिंतीवरचं. मीच केलंय. तुम्ही उशिराबद्दल बोलायचात ना, म्हणून. तुम्ही बरोबर लावलंत, तर मी परत केलं. मला वाटलं, तुम्ही हातातलंच बघता."

खोलीत पंखा फिरत होता. आबा गुडघ्यांवरच होते. नऊ वजा सात, एवढं गणित करायला त्यांना किती वेळ लागला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग वहीतल्या घरच्या फिटच्या एकेका ओळीतून सात वजा होऊ लागले. आठाचा एक. नवाचे दोन. दहाचे तीन. एकेचाळीस ओळी होत्या, आणि त्यांना सगळ्या पाठ होत्या.

डॉक्टरीणबाई स्वतः खाली वाकल्या आणि त्यांनी आबांना हाताला धरून उठवलं. म्हणाल्या, चूक माझीही आहे. शाळेतल्या फिट छोट्या आणि घरातल्या मोठ्या, हे मला खटकायला हवं होतं. व्हिडिओ मी वर्षापूर्वीच मागायला हवा होता. पण तुमची वही इतकी नीट होती की मला शंकाच आली नाही. आबांना यातलं शेवटचं वाक्य तेवढं ऐकू आलं. औषध एकदम तोडता येणार नव्हतं, तसं केलं तर फिट उसळून येतात. महिन्या-महिन्याने थोडं थोडं उतरवायचं. किती परत येईल ती, असं सुनेने विचारलं. बरीचशी येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पूर्ण येईल असं त्या म्हणाल्या नाहीत.

बसथांब्यावर दोघं बाकाच्या दोन टोकांना बसली. दोन बस गेल्या. सून म्हणाली, "मी त्या घड्याळाला हात लावला नसता तर." तिसरीही बस आबांनी जाऊ दिली. मग म्हणाले, "तू दोन मिनिटं म्हणाली होतीस." तिला रडू फुटलं. घरी मुलाला सांगितलं तेव्हा तो जेवणावरून उठला, बाहेर जाऊन आला, परत जेवायला बसला आणि कुणालाच काही बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं, असं आबांना वाटलं.

आबांनी एक मात्र केलं, आणि ते कुणी सांगितलं म्हणून नाही. पुढच्याच पालकांच्या बैठकीत ते उभे राहिले आणि नमुना म्हणून वाटलेलं आपलं पान त्यांनी परत मागितलं. म्हणाले, हे चुकलेलं आहे. मग सगळं सांगितलं, घड्याळासकट. फक्त घड्याळ कुणी पुढे केलं ते सांगितलं नाही, "आमच्या घरातलं घड्याळ पुढे होतं" एवढंच म्हणाले. सुरुवात आणि शेवट एकाच घड्याळावर बघा, व्हिडिओ काढा, आणि घरातलं माणूस काही वेगळं सांगत असेल तर ऐका. मागच्या रांगेतला एक बाप ओशाळून म्हणाला, आमचंही पाच मिनिटं पुढे आहे. कुणी हसलं नाही. नंतर आबा डेपोत गेले, कारखान्यात गेले, वाचनालयात गेले, सगळीकडे तेच सांगितलं. शाळेत तेवढे गेले नाहीत, तिथून ते तिच्या कानावर गेलं असतं. अवघ्या गावाला सांगून झालं. एकीला सोडून.

सून दर चार दिवसांनी म्हणायची, "आबा, तिला सांगा. तुम्ही नाही तर मी सांगते." आबा म्हणायचे, मीच सांगणार, तू मध्ये पडू नकोस. लहान आहे, जरा कळती होऊ दे. औषध आणखी थोडं उतरू दे. खरं कारण आबांना पक्कं ठाऊक होतं. मुलगी हळूहळू जागी होत होती. खिडकीला खिडकी म्हणायला लागली होती. एक दिवस रस्त्यात तिने आपणहून एका कुत्र्याबद्दल चार वाक्यं सांगितली, आणि आबांना रस्ता धूसर दिसू लागला. आत्ता कुठे बोलायला लागलीय ती. सांगितलं आणि तिने माझ्याशी बोलणंच टाकलं तर? सत्तरी उलटलेला माणूस नऊ वर्षांच्या पोरीला घाबरत होता.

एका दुपारी ती जेवणाच्या टेबलावर गुणाकार करत बसली होती. दुसऱ्या खेपेची तिसरी. आबा समोर पेपर धरून तिच्याकडेच बघत होते. दहा गणितं होती. तिने दहाही भराभर केली. आबांनी उलट्या बाजूने वाचली, सगळी बरोबर. मग तिने खोडरबर घेतलं आणि शेवटची चार खोडून टाकली.

"का गं? बरोबर होती की."

"सगळी बरोबर आली की बाई विचारतात, कुणी करून दिली." तिने खोडरबराचा भुगा फुंकून टाकला. "मी ढ आहे ना. सहा ठेवली की बाई शाबास म्हणतात."

तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. पाऊस थांबला की छत्री मिटतात, तसं सांगितलं.

आबांनी पेपर खाली ठेवला आणि सांगून टाकलं. तिच्या डोक्याखाली हात असायचा ते सांगितलं, भिंतीकडे बघायचो ते सांगितलं, आई खरं बोलत होती आणि मी तिला गप्प केलं, ते सांगितलं. छोट्या फिटना मी मोठ्या म्हणून लिहिलं, म्हणून औषध जास्त झालं. त्या औषधाने तुला झोप यायची, शब्द सापडायचे नाहीत, गणितं यायची नाहीत. चूक माझी आहे, बाळा.

ती पेन्सिल धरून ऐकत होती. आबांनी सगळ्याची तयारी केली होती. रडेल, आरडाओरडा करेल, उठून जाईल.

"म्हणजे मी ढ नव्हते?"

"नव्हतीस. कधीच नव्हतीस."

तिचा चेहरा इतका उजळला की आबांना तो बघवेना. ती हसली, अर्ध्या तुटक्या दातासकट. खुर्चीवर सरकून ताठ बसली. "मला वाटायचं डोकं संपलंय माझं," ती म्हणाली. मग काहीतरी आठवून तिने विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं?"

थोडे दिवस झाले, असं सांगता आलं असतं. दुसऱ्या कुणीही तेच सांगितलं असतं.

"चार महिने आणि नऊ दिवस झाले," आबा म्हणाले.

तिने बोटांवर महिने मोजले. चेहऱ्यावरचं हसू सावकाश गेलं.

"म्हणजे वर्गात मला सगळ्यांसमोर ढ म्हणायचे, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग का नाही सांगितलंत?"

"घाबरलो." आबा म्हणाले. "तू माझ्याशी बोलायची थांबशील म्हणून."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. रागाने नाही, ज्या गणिताचं उत्तर दोन-दोनदा करूनही जुळत नाही, त्याकडे बघावं तशी.

"पण आबा," ती म्हणाली, "मी तर तेव्हा बोलतच नव्हते."

मग तिने वही पुढे ओढली आणि खोडलेली चार गणितं परत लिहायला घेतली. आबा समोर बसून होते. चौथं गणित होईपर्यंत तिने मान वर केली नाही, आणि त्यानंतरही नाही.